देशाचें कोठार आणि जळकोटची ज्वारी

यंदा देशांत धान्याचें विक्रमी उत्पन्न झालें, अशा अर्थाची बातमी अलीकडे जवळजवळ दरसाल वर्तमानपत्रांत येते, आणि ती खोटी नसते. १९५०-५१ सालीं साऱ्या हिंदुस्थानांत मिळून सुमारें ५ कोटि टन धान्य पिकलें. २०२२-२३ सालीं हाच आंकडा ३३ कोटींच्या जवळ पोंचला. एवढ्या काळांत माणसें चौपट झालीं, पण धान्य सहापटींहून अधिक झालें. ज्यांच्या लहानपणीं परदेशांतून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांवर घरची पोळी अवलंबून असे, त्यांस हा फरक एका आयुष्यांत पाहावयास मिळाला, ही कांहीं सामान्य गोष्ट नव्हे.

तथापि एकत्र कुटुंबाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या कोणाहि गृहिणीस विचारावें. कोठीघर भरलेलें असणें आणि पंगतींत शेवटीं बसणाराच्या पानांत वेळेवर वाढलें जाणें, या दोन गोष्टी एक नव्हेत, हें ती तत्काळ सांगेल. कोठीची किल्ली कोणाकडे आहे, आंत कोणतें धान्य भरलें आहे, तें एकाच दुकानाहून येतें कीं चार ठिकाणांहून, आणि तें दुकान बंद पडलें तर काय करावयाचें, याचा विचार तिला रोज करावा लागतो. देशाच्या कोठाराचेहि प्रश्न नेमके हेच आहेत. ते हवेंत बोलण्यापेक्षां एखाद्या गांवच्या शिवारांत उभें राहून पाहावेत, म्हणून आम्ही जळकोटचा टापू निवडला आहे.

जळकोट हें धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापूर तालुक्याचें गांव. (लातूर जिल्ह्यांत याच नांवाचें एक तालुक्याचें ठिकाण आहे, तें निराळें.) सोलापुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नळदुर्ग ओलांडलें कीं थोड्याच वेळांत तें लागतें. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता आणि शेजारचें सोलापूर १९४७ पर्यंत इंग्रजांकडे. जमीन काळी, कोठें पुरुषभर खोल, तर कोठें हातभर खणलें कीं मुरूम लागणारी. पाऊस वर्षाला सरासरी सातशें-साडेसातशें मिलिमीटर, म्हणजे २८ ते ३० इंच. पण सरासरी हा शब्द येथें फसवा आहे. चार वर्षांच्या पावसाची बेरीज करून चारांनीं भागतां येतें. चार वर्षांची भूक अशी भागतां येत नाहीं. नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीला बांध घालून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत पाणीमहाल बांधला गेला, आणि तो पाहावयास आजहि लोक दुरून येतात. राजानें पाणी अडविलें तें किल्ल्यापुरतें. कुणब्यानें आपलें पाणी सांठविलें तें काळ्या मातींत, आणि तें पाहावयास मात्र कोणी येत नाहीं.

तें सांठवण म्हणजेच रब्बी ज्वारीची शेती. आपण जिला शाळू म्हणतों ती ही ज्वारी पावसाळा सरतां सरतां, उत्तरा-हस्ताच्या सुमारास पेरतात. पुढें बहुधा पावसाचा एक थेंबहि न मिळतां ती माघ-फाल्गुनांत काढणीस येते. हें साधतें कसें? काळी चिकण माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि तें घट्ट धरून ठेवते. म्हणून जुना शेतकरी खरिपांत तें रान मोकळें ठेवी. वरचेवर वखर फिरवून तण मारी आणि पडलेला पाऊस जमिनींत मुरूं देई. पेरणीनंतर थंडींत जमिनीला भेगा पडूं लागल्या कीं कोळपें घालून त्या बुजवावयाच्या, म्हणजे आंतील ओल उडून जात नाहीं. ‘एक कोळपणी, अर्धें पाणी’ ही म्हण त्यांतूनच आली. हें अडाण्यांचें ठोकळज्ञान नव्हे. मांजरी येथें १९२३ पासून आणि पुढें १९३३ पासून सोलापूर येथें कोरडवाहू शेतीचे जे पद्धतशीर प्रयोग झाले, त्यांतूनहि बांध घालणें, विरळ पेरणें आणि वेळेवर कोळपणें यांचेंच महत्त्व सिद्ध झालें. त्या प्रयोगांवर कानिटकर यांनीं लिहिलेला ग्रंथ १९४४ सालीं प्रसिद्ध झाला. मोहोळच्या केंद्रांत गांवरान मालदांडीतून निवडून काढलेलें ‘मालदांडी ३५-१’ हें वाण तर आजहि शेतकऱ्याच्या आवडीचें आहे. कारण त्याच्या दाण्याची भाकरी गोड, आणि त्याच्या धाटांचा कडबा जनावर आवडीनें खातें. शाळूचें पीक म्हणजे एकाच वेळीं माणसाचें आणि बैलाचें जेवण, ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे, ती वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

काढलेलें धान्य ठेवावयाचें कोठें? सधन वाड्यांतून भिंतींत बळदें असत. परंतु या भागाचें खरें कोठार म्हणजे पेव. घट्ट जमिनींत तोंडाशीं अरुंद व पोटाशीं रुंद असा खड्डा खणावयाचा, आंतून कडब्याचें व भुसाचें अस्तर द्यावयाचें, ज्वारी भरून तोंड फरशीनें व मातीनें बंद करावयाचें. बंद पेवांत दाणा स्वतः श्वास घेतो आणि आंतील प्राणवायु संपवितो; मग किडा जगत नाहीं. कडेची थोडी ज्वारी काळवंडते, तिला एक विशिष्ट वास येतो, पण मधली कित्येक वर्षें टिकते. उघडतांना मात्र सावधगिरी लागे. आंत कोंदलेल्या विषारी हवेनें माणूस जागच्या जागीं गुदमरे, म्हणून आधीं तोंड उघडून ठेवून, दिवा आंत सोडून तो तेवतो कीं विझतो हें पाहत आणि मगच कोणी उतरे. दोन सुगींचें धान्य पेवांत असलें कीं एक अवर्षण निभावतें, असा हिशेब होता.

या पेवाविषयीं आज फार गोड लिहिलें जातें, तेव्हां दुसरी बाजू सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. पेव असे ज्याच्याजवळ जमीन असे त्याचें. ज्याला बलुतें किंवा रोजंदारी मिळे, त्याच्या घरीं एक गाडगें. पाऊस हुकला कीं काम बंद, काम बंद कीं धान्य बंद. मग सावकाराच्या पेवांत ज्वारी असूनहि त्याच गांवांत चूल पेटत नसे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. जळकोटच्या पश्चिमेस मंगळवेढें आणि पूर्वेस बेदर. म्हणजे ही कथा याच मुलखाची. पंधराव्या शतकांतील त्या दुष्काळांत दामाजीपंतांनीं बादशहाचीं कोठारें लोकांस मोकळीं केलीं, आणि पुढें विठोबानें विठू महाराच्या रूपानें बेदरास जाऊन त्या धान्याचें मोल भरलें. कथेंतील चमत्कार क्षणभर बाजूस ठेवला तरी तिच्यांत एक गोष्ट ढळढळीत दिसते. दुष्काळ पडला तेव्हां कोठारें भरलेलीं होतीं. धान्य होतें, आणि त्यावर कुलूपहि होतें.

चारपांचशें वर्षांनीं हेंच पुन्हां घडलें, तें बंगाल्यांत. १९४२ मध्यें ब्रह्मदेश जपान्यांच्या हातीं गेला आणि तिकडून हिंदुस्थानास येणारा तांदूळ एकाएकीं बंद झाला. हें एक कारण झालें. पण १९४३ मध्यें तेथें जीं लाखों माणसें मेलीं, तीं सारीं तांदूळ नव्हता म्हणून मेलीं नाहींत. युद्धखर्चानें भाव चढले, साठेबाजी झाली, आणि शेतमजूर, कोळी, गांवचे कारागीर यांची मिळकत होती तेथेंच राहिली. त्यांना बाजारांतून तांदूळ विकत घेतां येईना. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या दुष्काळाची चिकित्सा करून दाखविलें कीं, धान्य असणें आणि धान्य मिळविण्याची ऐपत असणें यांत फरक न केल्यास दुष्काळ समजतच नाहीं. आमच्या मतें दामाजीच्या कथेचाहि अर्थ तोच आहे.

त्याच वर्षीं, २ मे १९४३ रोजीं, मुंबईंत शिधावाटप सुरू झालें. निजामी राज्यांत शेतकऱ्यावर लेव्ही बसली. ठराविक धान्य सरकारी भावानें घालावें लागे, आणि वसुलीला आलेला अंमलदार लहानमोठें शेत पाहतोच असें नव्हे. शहराचें पोट भरावयाचें तर खेड्यांतून धान्य ओढावें लागतें. तें कोणत्या भावानें ओढावें हा प्रश्न तेव्हांपासून आजपर्यंत चालत आला आहे.

पुढें १९७० पासून तीन वर्षें महाराष्ट्रांत पाऊस हुकत गेला आणि १९७२ चा दुष्काळ पडला. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यास त्याची मोठी झळ पोंचली. राज्यांतील धान्याचें उत्पन्न निम्म्याच्या आसपास आलें. अमेरिकेंतून आलेली तांबडी ‘मिलो’ ज्वारी लोकांनीं नाक मुरडीत खाल्ली. कामावर मुलांना सुकडी मिळे. आणि तरीहि बंगालसारखी माणसें मेलीं नाहींत. याचें श्रेय प्रामुख्यानें दुष्काळी कामांना आहे. मे १९७३ मध्यें सुमारें ५० लक्ष माणसें खडी फोडीत, बांध घालीत, तळीं खणीत होतीं. त्यांच्या हातांत आठवड्याची मजुरी पडली, म्हणून परप्रांतांतून आलेलें धान्य त्यांना विकत घेतां आलें. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेली रोजगार हमी योजना याच काळांत रूढ झाली, आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. आपल्या घरांतील नोकरदारांच्या पगारांतून जो व्यवसाय कर कापला जातो तो १९७५ मध्यें बसविला गेला तोहि या योजनेसाठींच, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पगाराची पावती पाहून कपाळाला आंठी पडली तर एवढें आठवावें.

आतां आजच्या शिवाराकडे वळूं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठवाड्यांत जें स्थित्यंतर झालें तें एका शब्दांत सांगावयाचें तर सोयाबीन. जेथें खरिपांत रान मोकळें राही किंवा हायब्रीड ज्वारी, मूग, उडीद होत, तेथें आतां पावसाळाभर सोयाबीन उभें असतें. शंभर दिवसांत पीक हातीं येतें, मळणी यंत्रानें होते, आणि लातूरच्या बाजारांत त्याचे रोख पैसे होतात. देशाचा हिशेब पाहिला तर १९७० च्या सुमारास ज्वारीखालीं पावणेदोन कोटि हेक्टरांच्या जवळपास जमीन होती; ती आज चाळीस लक्षांच्या आसपास आली आहे. दुसऱ्या कोणत्याहि प्रमुख धान्याची जमीन एवढी गेली नाहीं.

शेतकरी लोभी झाला, तेलबियांच्या मागें लागून धान्य विसरला, असें शहरांत बसून म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांतील कांहीं पौषांत हुरडा खावयास मोटारी घेऊन जातात. त्यांनीं थोडा हिशेब करावा. २०२४-२५ सालीं सरकारनें ठरविलेला हमीभाव मालदांडी ज्वारीस क्विंटलला ३,४२१ रुपये आणि सोयाबीनला ४,८९२ रुपये होता. कोरडवाहू शाळू साधारण वर्षीं एकरीं चार-पांच क्विंटल उतरतो, सोयाबीन सहा-आठ. शिवाय शाळू हातानें उपटावा लागतो, कणसें मोडावीं लागतात. कडबा राखावयाचा तर कापणी-मळणीच्या मोठ्या यंत्रास शेतांत घालतां येत नाहीं. मजूर मिळत नाहींत, आणि मिळाले तर मजुरी परवडत नाहीं. पूर्वी कडब्यानें ही तूट भरून काढिली असती. पण ट्रॅक्टर आला, बैल गेले, आणि ज्याच्या दारीं बैल नाहीं त्याला कडब्याचें काय?

आणखी एक अडचण आहे, ती पुस्तकांतून क्वचितच आढळते. ज्वारीच्या कणसावर पांखरें बसतात. सगळें शिवार ज्वारीचें असे तेव्हां तीं साऱ्या शिवारावर वांटलीं जात, आणि माचावर गोफण घेऊन बसलेल्या एकेका पोरानें काम भागे. आतां शिवारांत एकट्याचीच ज्वारी असली तर सारीं पांखरें त्याच्याच शेतावर उतरतात. रानडुकरें आणि हरणें निराळींच. पोरें शाळेंत गेलेलीं असतात, आणि तीं तेथेंच असावींत. म्हणजे एक शेजारी ज्वारी सोडतो तेव्हां तो दुसऱ्यालाहि ती सोडावयास लावतो. पीक असें ओळीनें जातें.

सोयाबीनच्या बाजूनें आणखीहि बोलतां येईल. आपण खातों त्या तेलापैकीं निम्म्याहून अधिक परदेशांतून येतें. तेव्हां देशांत तेलबी पिकविणें हें कांहीं देशद्रोहाचें कृत्य नव्हे. पण सोयाबीनच्या शंभर भागांत तेल सुमारें अठरा. बाकीची बहुतेक पेंड, आणि ती मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यांत व परदेशीं जाते. म्हणून त्याचा भाव लातुरांत ठरत नाहीं. ब्राझिल-अर्जेंटिनाचें पीक, मलायाकडील पाम तेल आणि दिल्लीची आयात-जकात मिळून तो ठरवितात. २०२१ च्या ऑगस्टांत तो क्विंटलला दहा हजारांच्या घरांत गेला, आणि २०२४ च्या सुगींत हमीभावाच्याहि खालीं उतरला. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली तेव्हां काढणीस आलेलें सोयाबीन कित्येक शेतांत पाण्यांत कुजलें. भाव पडला म्हणून ज्वारी घरांत ठेवून खातां येत असे. सोयाबीनचें पोतें ठेवून चूल पेटत नाहीं.

मग या गांवांतील लोक खातात काय? बहुतांशीं रेशनचा गहू आणि तांदूळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र कुटुंबांतील प्रत्येक माणसास महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला, आणि जानेवारी २०२३ पासून तें मोफत मिळूं लागलें. याला नांवें ठेवणाऱ्यांत आम्ही नाहीं. दामाजीच्या काळापासून जें कुलूप लागलेलें होतें तें कायद्यानें उघडलें, ही आमच्या दृष्टीनें गेल्या शंभर वर्षांतील एक मोठी गोष्ट आहे. भूमिहीनाच्या घरीं पेव कधींच नव्हतें. आतां त्याचें पेव रेशनच्या दुकानांत आहे.

परंतु हें नवें पेव एकच आहे, आणि फार दूर आहे. त्यांत जाणारा गहू मुख्यतः पंजाब, हरियाणा आणि मध्यप्रदेश येथून येतो. पंजाबांत जमिनींत दरसाल जेवढें पाणी मुरतें त्याच्या दीडपटीहून अधिक उपसलें जातें. हें कोठवर चालेल याचा विचार जळकोटच्या माणसानें करावयास हवा, कारण त्या विहिरी कोरड्या पडल्या तर पोळी त्याच्या घरची जाणार. मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेंतील गव्हाचा दाणा भरतां भरतां आकसला. तिकडे युक्रेनांत युद्ध सुरू होऊन जगांत गहू महाग झालेला. १३ मे रोजीं सरकारनें गव्हाची निर्यात बंद केली, आणि कांहीं राज्यांत मोफत धान्यांतील गव्हाच्या जागीं तांदूळ देण्यांत आला. जुलै २०२३ मध्यें साध्या पांढऱ्या तांदुळाचीहि निर्यात थांबली, आणि जे परदेश आपल्या तांदुळावर अवलंबून होते त्यांची त्रेधा उडाली. आपली कोठारें त्या वेळीं रिकामीं पडलीं नाहींत, हें खरें. पण एका महिन्याच्या उन्हानें एवढी धांवपळ व्हावी, यावरून कोठाराचा पाया किती थोड्या जमिनीवर उभा आहे तें दिसतें.

येथें शाळूचें मोल कळतें. ज्या वर्षीं पंजाबांत ऊन पडतें त्या वर्षीं सोलापूर-धाराशिवच्या काळ्या मातींतील ओल कमी झालेली असतेच असें नाहीं. शाळूला कालव्याचें पाणी नको, उपसा नको, खतहि बेतानें. निरनिराळ्या हवेंत, निरनिराळ्या ऋतूंत येणारीं धान्यें देशाच्या ताटांत असणें हाच अवर्षणावरील खरा विमा आहे. २०२३ हें वर्ष साऱ्या जगांत भरड धान्यांचें वर्ष म्हणून साजरें झालें, तें हिंदुस्थानच्याच सूचनेवरून. समारंभ पुष्कळ झाले, ज्वारीचीं बिस्किटेंहि निघालीं. जळकोटच्या शेतकऱ्यास बिस्किटांपेक्षां खरेदी-केंद्र हवें आहे, जें हमीभावानें शाळू खरोखर मोजून घेईल.

हें अशक्य नाहीं. जळकोटच्या आग्नेयेस थोड्या अंतरावर कर्नाटकची हद्द लागते आणि पलीकडे आळंद तालुका सुरू होतो. त्या राज्यानें दक्षिण भागांत नाचणी आणि उत्तर भागांत ज्वारी हमीभावानें विकत घेऊन आपल्याच रेशन दुकानांतून वांटली आहे. आमच्याकडेहि कायदा आडवा येत नाहीं. २०१३ च्या कायद्यांत गहू-तांदुळाबरोबर भरड धान्याचेंहि नांव आहे. धाराशिवची ज्वारी धाराशिवच्याच दुकानांत वांटली तर वाहतूक वांचेल, खाणाराला सवयीचें अन्न मिळेल, आणि पिकविणाराला गिऱ्हाईक ठरलेलें राहील.

सरकार करील तेव्हां करील. दरम्यान शहरांतील आमच्या वाचकांच्या घरीं वर्षाचें धान्य भरण्याची रीत अजून शिल्लक असेल, तर तिचा येथें उपयोग आहे. अलीकडे कांहीं वर्षीं शाळू गव्हाहून महाग विकला गेला, पण तो चढा भाव बहुतेक मधल्या हातांत राहिला. म्हणून फाल्गुन-चैत्रांत तो शेतकऱ्याकडूनच घ्यावा. पीठ घेऊं नये, तें लवकर कडू होतें. दाणा घ्यावा, चांगलें ऊन द्यावें, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोरड्या जागीं ठेवावा. दहा माणसांच्या घरांत एक वेळ भाकरी झाली तर दिवसाला पावणेदोन-दोन किलो पीठ लागतें. वर्षाची ही गरज सहा-सात क्विंटलांची, म्हणजे कोरडवाहू रानाच्या दीड एकराचें पीक. अशीं आठ घरें एकाच गांवाशीं बोलून ठेवूं लागलीं तर बारा एकर शाळू एका जागीं उभा राहतो, आणि मग पांखरांचा सगळा थवा एकट्या शेतकऱ्याच्या कणसांवर उतरत नाहीं.